गोवरीवरचा हात

लातुरात गोलाईच्या, म्हणजे मधल्या गोल बाजारपेठेच्या, एका अंगाला, कापडाच्या दुकानावरच्या माडीत सिद्धलिंगअप्पांचा फोटो स्टुडिओ होता. जिना असा उभा, की वर आलेलं गिऱ्हाईक आधी पाच मिनिटं धापा टाकत बसायचं. अप्पा म्हणायचे, "बसा, दम घ्या. फोटोत दम दिसतो." यात काही तथ्य नव्हतं. फोटोत दम दिसत नाही, आणि दिसला असता तरी अप्पांनी तो तिथं राहू दिला नसता. माणसाच्या चेहऱ्यावर जे जे नको ते पुसून टाकण्यात त्यांचा हात धरणारा नांदेडपासून उदगीरपर्यंत दुसरा कुणी नव्हता.

ही विद्या ते नांदेडला ईश्वरप्पांकडे शिकले. काचेच्या प्लेटवर उलटा फोटो उमटतो, काळ्याचं पांढरं न् पांढऱ्याचं काळं. ती प्लेट उतरत्या मेजावर ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा आणि पॉलिश कागदावर घासून टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं एकेक ठिपका भरत बसायचं. देवीचे वण, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं त्या ठिपक्यांखाली गाडलं जायचं. ईश्वरप्पा सांगायचे, "सिद्धू, माणूस आपल्याकडं फोटो काढायला येत न्हाई. चेहरा बदलून न्यायला येतो. भिंत सारवतात तसा चेहरा सारवून द्यायचा." अप्पांनी हे वाक्य गाठीला बांधलं आणि त्यावर पंधरा वर्षं धंदा केला.

त्यांच्या कसबाचा नमुना खाली जिन्याच्या तोंडाशी काचेच्या कपाटात लावलेला होता. तो फोटो रुद्राणीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. ती उदगीरची. लग्नानंतर आठवड्याच्या आत अप्पांनी तिला कॅमेऱ्यापुढं बसवली आणि त्या प्लेटवर तीन दिवस पेन्सिल चालवली. लहानपणी देवी येऊन गेल्यामुळं रुद्राणीचे दोन्ही गाल वणांनी भरलेले होते. फोटोत ते लोण्यासारखे साफ झाले. लग्नाला आलेल्या मुलींचे बाप आधी तो फोटो बघायचे, मग जिना चढायचे, रुद्राणी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं यायची, आणि बाप पुन्हा खाली जाऊन फोटो बघून यायचे. मग म्हणायचे, "अप्पा, आमच्या पोरीची पण अशीच करून द्या."

रुद्राणी यावर कधी काही बोलली नाही. पण त्या दिवसानंतर ती कॅमेऱ्यापुढं बसली नाही ती नाहीच. अप्पा म्हणायचे, ये की एकदा. ती म्हणायची, "माझं काय काम हाय तिथं? खाली लावलीय न्हवं एक." अप्पांना हे बायकी लाजणं वाटायचं. शहाण्या माणसाला घरातलं उशिरा कळतं, हे काही आजचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात स्टुडिओ ओस पडला. लग्नं लांबणीवर गेली, त्यामुळं दाखवायचे फोटोही थांबले. बाजारपेठेत गाड्या यायच्या त्या अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या. पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा आणि रुद्राणी घागरींच्या रांगेत उभी असायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक दिवस औशाकडच्या एका वाडीचा लिंबाजी नावाचा गडी जिना चढून आला. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती. त्याच्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"रामराम अप्पा. हिचा फोटू काढायचा हाय."

अप्पांनी मुलीकडं बघितलं. लिंबाजीनं, हिचा न्हाई, अशी मान हलवली, खाली बसला आणि लुगडं सोडलं. आत गोवरी होती. साधी, भिंतीला थापून वाळवलेली शेणाची गोवरी.

अप्पांना वाटलं, उन्हानं माणसाचं डोकं फिरलं. पण लिंबाजी शांत होता.

"माझ्या मालकिणीचा हात हाय त्याच्यावर," तो म्हणाला. "भामाचा. खडी फोडायच्या कामावर होतो आम्ही. हगवण लागली न् दोन दिसांत गेली. तिचा एक बी फोटू न्हाई आमच्यापाशी."

मग त्यानं जे सांगितलं ते अप्पांना जन्मभर पुरलं. बैल विकले होते, गाय छावणीला घातली होती. घरात जनावर नाही म्हणजे शेण नाही, आणि शेण नाही म्हणजे नवी गोवरी नाही. भामाबाईनं आधी थापून रचून ठेवलेला गोवऱ्यांचा हुडवा तेवढा होता. तोच ते जाळत होते.

"ही पारू चुलीपुढं बसायची. एकेक गोवरी उचलायची, तिच्यावर आपला हात ठिवायची न् मग चुलीत सारायची. मी म्हणलं, काय करून राहिलीस? तर म्हणली, आईचा हात हाय. तवर माझ्या ध्यानातच आलं न्हाई, अप्पा. निम्मा हुडवा जाळला होता मी."

"मग?" अप्पांनी विचारलं.

"मग काय. बाकीच्या बी जाळल्या. भाकर कशावर भाजायची? ही तेवढी ठिवली. हिच्यावर समदा पंजा उमटलाय. पर कडा झडाय लागल्यात, वाळवी लागलीय. फोटूला वाळवी लागत न्हाई म्हणत्यात."

फोटोलाही वाळवी लागते. अप्पांनी ते सांगितलं नाही.

"आन् हाताएवढाच काढा," लिंबाजी म्हणाला. "ल्हान न्हाई, मोठा न्हाई. हिला वर हात ठिवता आला पायजे."

पारू या सगळ्या वेळात गोवरीकडं बघत होती. तिनं एक बोट त्या ठशात घालून एका जागी सावकाश फिरवलं, जसं काही ती तिथली वाट ओळखत होती.

अप्पांनी हो म्हटलं. का म्हटलं ते त्यांना सांगता आलं नसतं. गोवरी ठेवून घेतली आणि अवसेला या म्हणून सांगितलं. ही बातमी दोन दिवसांत गोलाईला वेढा घालून आली. दुष्काळानं सगळ्यांना धंदा शिकवला, अप्पा आता शेणाचे फोटो काढतात, असं खालचा कापडवाला पंचाक्षरी येईल त्याला सांगू लागला. अप्पा ऐकून घ्यायचे. त्यांच्यापुढं खरी अडचण वेगळी होती. त्यांच्याजवळ हाफ साइजच्या, पंजा मावेल एवढ्या, काचेच्या प्लेटा तीनच उरल्या होत्या आणि नव्या कधी येतील याचा भरवसा नव्हता.

पहिली प्लेट त्यांनी सवयीनं घालवली. दोन मोठे दिवे समोरून, पुढं पातळ कागद, उजेड कसा मऊ पसरलेला. चेहऱ्याला असाच उजेड लागतो, त्यात खड्डे बुजतात. गोवरीचेही बुजले. प्लेट धुऊन वर काढली तर काचेवर एक गोल भाकरी होती. रुद्राणीनं ती खिडकीशी धरून बघितली.

"अहो, ह्याच्यात बोटं कुठायत?"

"तेच बघून राहिलोय."

"तुम्ही कधी गोवऱ्या थापल्या न्हाईत," ती म्हणाली. "भिंतीवरची बोटं दुपारी दिसत न्हाईत. सकाळी ऊन भिंतीला घासून जातं, तवा दिसत्यात. एकेक पेर मोजून घ्या."

पंधरा वर्षं उजेडाचा धंदा करणाऱ्या माणसाला ही गोष्ट शेण थापलेल्या बाईनं सांगावी लागली. अप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेची खिडकी चार बोटं उघडी ठेवली, बाकी सगळं काळ्या कापडानं झाकलं, आणि गोवरी अशी उभी केली की उन्हाची पट्टी तिच्या अंगाला घासून जाईल. काळ्या कापडात डोकं घालून मागच्या काचेवर बघितलं आणि ते दचकलेच. हात उठून आला होता. बोटांची पेरं, तळव्याचा खळगा, मनगटाशी बांगडीची कड टेकलेली. पाच मिनिटांपूर्वी कुणी थापून गेलं असावं, असं वाटलं.

पण दिसणं वेगळं आणि धरणं वेगळं. फोटो हाताएवढा काढायचा म्हणजे कॅमेऱ्याचा भाता दुप्पट ओढावा लागतो. भाता ओढला की उजेड पाव राहतो आणि नजर उथळ होते. बोटाचं टोक धरलं की तळव्याचा खळगा धुरकट, खळगा धरला की बोटं पळाली. आजवर अप्पांना याची फिकीर नव्हती. चेहऱ्यात डोळे तेवढे स्पष्ट असले की काम भागायचं, बाकीचं धूसर राहिलं तर गिऱ्हाईक उलट खूश. आता त्यांना शेणातली कडब्याची काडीसुद्धा सोडायची नव्हती. त्यांनी भिंगाचं तोंड अगदी बारीक केलं. तोंड जितकं बारीक तितकी नजर खोल जाते, पण तितका वेळही लागतो. हिशेबानं चाळीस आकडे मोजेपर्यंत प्लेट उघडी ठेवायची होती. अठ्ठाविसाव्या आकड्याला खालून मिलोचा ट्रक गेला, माडीच्या फळ्या थरथरल्या आणि दुसऱ्या प्लेटवर भामाबाईला दहा बोटं आली.

उरली एक. म्हणून अवसेची वाट बघणं आलं. अवसेला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद असतो, हमाल घरी असतात, ट्रक येत नाहीत. मधल्या दिवसांत गोवरी एका सुपात घालून रुद्राणीनं देवघराच्या कोनाड्यात ठेवली. मुंग्या लागू नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ ओढली. अप्पांना तिनं विचारलं नाही आणि त्यांनीही काही म्हटलं नाही.

अवसेच्या सकाळी अप्पांनी आंघोळ करून लिंगपूजा केली. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पापणी न हलवता बघत बसायचं, हे ते लहानपणापासून करत आले होते. त्या दिवशी पूजा झाल्यावर त्यांचं लक्ष स्वतःच्या तळहाताकडं गेलं.

लिंबाजी कामावर खाडा करून पारूला घेऊन आला. अप्पांनी शेजारच्या घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं होतं. गोवरी फळीला टेकवून उभी केली. कॅमेऱ्याच्या चार कोपऱ्यांपासून फळीचे चार कोपरे सुतळीनं मोजले, कारण गोवरी जवाभर जरी तिरकी राहिली तरी एक कड हातची गेली असती. घड्याळजीचं भिंग मागच्या काचेला लावून त्यांनी खोल आणि उथळ यांच्या मधली जागा शोधली, भाता पुढंमागं करत, श्वास धरून. मग सगळ्यांना जिथं आहेत तिथं बसायला सांगितलं. पारू मांडी घालून बसली आणि तोंडावर हात ठेवला. अप्पांनी भिंगाची टोपी काढली आणि आकडे न मोजता मनात चाळीस वेळा 'नमः शिवाय' म्हटलं. टोपी लावली. गोलाईत तेवढ्या वेळात एक कुत्रं तेवढं भुंकलं होतं.

गोवरी फळीवरून उचलताना तिचे तीन तुकडे झाले.

लिंबाजी पुढं आला, तुकडे धोतराच्या सोग्यात वेचून घेतले आणि म्हणाला, "असू द्या अप्पा. तिचं काम झालं."

आता जे काय होतं ते त्या एका काचेवर होतं. प्लेट उमटवल्यावर ती भरपूर पाण्यात धुवावी लागते, नाहीतर आतलं औषध राहतं आणि काही वर्षांत फोटो खाऊन टाकतं. घरात प्यायला दोन घागरी होत्या. रुद्राणीनं दोन्ही आणून ठेवल्या. अप्पा म्हणाले, "अगं, टँकर उद्या येणार." ती म्हणाली, "तिला एकच हात हाय. धुवा." त्या रात्री त्या घरात शेजारून मागून आणलेल्या तांब्याभर पाण्यावर भागवलं गेलं.

प्लेट अशी निघाली होती की अप्पा स्वतःवरच खूश झाले. कडब्याची काडी न् काडी, बोटांच्या पेरांवरच्या घड्या, बांगडीच्या कडेची नक्षी. इतकं स्पष्ट त्यांनी जन्मात काही काढलं नव्हतं. आणि या आनंदात, दुसऱ्या दिवशी दुपारी, प्लेट वाळल्यावर, त्यांनी ती मेजावर ठेवली आणि पेन्सिलीला टोक काढलं.

कुणी सांगितलं नव्हतं. हातच गेला. गोवरी वाळताना तडकते, तशा चार-पाच भेगा होत्या. त्यातली एक तर चांगली ठसठशीत, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत तळव्यावरून आडवी गेलेली. बिचारीचा एकुलता एक फोटो, तो तरी निर्मळ असावा, असं त्यांच्या मनात आलं. तासाभरात त्यांनी सगळ्या भेगा भरून टाकल्या. भामाबाईचा तळवा सारवलेल्या भिंतीसारखा झाला.

प्लेटवरून कागदावर हाताएवढाच फोटो निघाला. तो धुवायला मात्र एक घमेलंभर पाणी मिळालं. लिंबाजीनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. डोळे भरले. "लई चांगला झाला, अप्पा," म्हणाला. पारूनं फोटोवर आपला हात ठेवला. तिचा हात आईच्या हातात पार बुडून गेला. तिनं एक बोट आडवं फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. मग बापाच्या कानाला लागून काहीतरी बोलली. लिंबाजीनं तिला हळूच गप्प केलं. दोघं जिना उतरून गेली, आणि पोरगी काय बोलली असेल याचा विचार अप्पांच्या मनात उगाच राहून गेला.

दहा वर्षं गेली. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला आणि सगळ्या गावाला एकाएकी चेहऱ्याची गरज लागली. नवी कचेरी, नवे अर्ज, प्रत्येक अर्जाला तीन फोटो. अप्पांचा जिना उतरणाऱ्या-चढणाऱ्यांनी झिजला. शिपायाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यालाही गाल साफ हवे असायचे. अप्पांचे केस पिकले, चष्मा आला, पण पेन्सिल थांबली नाही. खाली कपाटात रुद्राणीचा फोटो होताच.

जिल्ह्याला सहा महिने झाले असतील. दोन वेण्या घातलेली, उंच, सावळी मुलगी वर आली. धाप न लागता.

"अप्पा, नर्सिंगच्या फॉर्मला तीन फोटो पाहिजेत," ती म्हणाली. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद काढला. "आणि हा दुसरा काढून मिळंल का? हा जाऊन राहिलाय."

कागदावर पिवळं पडत चाललेलं काहीतरी होतं. हळदीच्या डागासारखं. अप्पांनी चष्मा पुसला आणि त्यांना तो हात दिसला.

"तू पारू."

"हाव. बाबा खाली बसलेत. गुडघे धरलेत त्यांचे."

"पाणी कमी पडलं होतं कागद धुवायला," अप्पा म्हणाले. "चूक माझी हाय, पोरी. पण काच चांगली असणार. काचेला दोन घागरी दिल्या होत्या आमच्या हिनं."

त्यांनी जुन्या पेटीतून प्लेट शोधून काढली. एका कोपऱ्यात थर सुटायला लागला होता, बाकी सगळं जागच्या जागी होतं. खिडकीशी धरून त्यांनी तिला दाखवली आणि दहा वर्षांपूर्वीची ऐट पुन्हा आवाजात आली. "बघ. काडी न् काडी मोजून घे. एवढं स्पष्ट काढणारा दुसरा दाखव."

पारूनं बघितलं. "हाव," ती म्हणाली. "सगळं हाय. फक्त हात आईचा न्हाई."

रुद्राणी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली.

"आईच्या तळव्यावर वण होता," पारू म्हणाली, आणि आपल्या तळव्यावर बोटानं रेघ ओढून दाखवली, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत. "जाड, वर आलेला. ती कडब्याची पेंढी धरायची न् बाबा कुऱ्हाडीनं तोडायचे. एकदा घाव चुकला. गोवरीत त्या जागी खोल रेघ उमटायची. मी त्याच रेघेवरून बोट फिरवायची. तुमच्या फोटोत ती न्हवती. मी त्या दिवशी बाबाच्या कानात सांगितलं, ही आई न्हाई म्हणून. बाबा म्हणले, गप, अप्पांनी आईचा हात बरा करून दिलाय."

अप्पा स्टुलावर बसले. ठसठशीत भेग त्यांना लख्ख आठवली. आपण किती मन लावून ती भरली होती तेही आठवलं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं ते याचं, की लिंबाजी दहा वर्षं त्यांचे उपकार मानत होता.

"ती गोवरी?" त्यांनी विचारलं, उत्तर माहीत असून.

"आईच्या वर्षश्राद्धाचा सैपाक तिच्यावर केला."

अप्पांनी प्लेट तिरकी धरली. पेन्सिलीची शिशाची चकाकी दिसत होती. खाली वण शाबूत असणार, कारण पेन्सिल वरून बसते, खरवडत नाही. टर्पेंटाइननं पुसली की निघते. पण दहा वर्षांच्या जुन्या प्लेटवर, जिचा थर एका कोपऱ्यातून सुटलेला आहे, बोळा फिरवायचा म्हणजे सगळाच हात बोळ्याला चिकटून यायची भीती.

त्यांनी हे सगळं पारूला सांगितलं. एक शब्द लपवला नाही. "आहे तशी ठेवलीस तर असा फोटो मी तुला दहा काढून देईन. पुसायला गेलो न् थर निघाला, तर काहीच राहायचं न्हाई. तू सांग. पुसू का?"

आजवरच्या धंद्यात गिऱ्हाइकाला त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

पारूनं जिन्याकडं बघितलं, खाली जिथं बाप बसला होता. मग म्हणाली, "पुसा."

रुद्राणीनं प्लेट दोन्ही हातांनी कडांना धरली. अप्पांनी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पिळला, आणि सुटलेल्या कोपऱ्यापासून लांब, करंगळीकडून सुरुवात केली. दाबायचं नाही, ओढायचं नाही, टेकवायचं न् उचलायचं. बोळा काळा पडला की दुसरा. चाळीस वेळा 'नमः शिवाय' म्हणून झालं तरी अर्धा तळवा शिल्लक होता. रुद्राणीचे हात हलले नाहीत. शेवटचा बोळा उचलला तेव्हा तळव्यावरून आडवी, एका जागी थोडी वाकडी, अशी रेघ प्लेटवर उभी होती. दुष्काळात काढलेला उजेड तिच्या एका काठावर अजून टेकलेला होता.

या वेळी कागद धुवायला रुद्राणीनं हौद भरून दिला. फोटो वाळायच्या आधीच पारूनं त्यावर हात ठेवला. बोटं बोटांवर, तळवा तळव्यावर. कुठं काही उरलं नाही, कुठं कमी पडलं नाही. तिनं बोट आडवं फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. "आईएवढी झाले मी," ती म्हणाली आणि रडायला लागली. रुद्राणीनं तिला जवळ घेतलं.

अप्पा स्वतः फोटो घेऊन खाली उतरले. लिंबाजी पायरीवर बसला होता. अप्पा त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "लिंबाजी, मी बरा केलेला न्हवता. मला ती भेग वाटली."

लिंबाजीनं फोटो बघितला. वण दिसताच त्यानं तोंड फिरवलं. "माझ्याच हातनं झालं होतं ते," तो म्हणाला. "दहा साल वाटत हुतं, फोटूत तरी ते गेलं."

पारू मागं येऊन उभी होती. तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, आई त्याला काय म्हणायची ठाऊक हाय? मला दाखवायची न् हसायची. म्हणायची, तुझ्या बापानं अंगठा उठवलाय माझ्यावर. आता कुठं जाऊ पळून?"

लिंबाजीला हसू आलं आणि त्यातच हुंदका आला. मग त्यानं तो ओला फोटो गुडघ्यावर घेतला आणि त्या रेघेवर आपला अंगठा टेकवून ठेवला. अप्पांनी त्याला, ओला आहे, हात लावू नको, असं सांगितलं नाही. कागदावर तो अंगठा उमटला तो कायमचा.

दोघं गेल्यावर अप्पा वर आले. टर्पेंटाइनची बाटली उघडीच होती. रुद्राणी म्हणाली, "झाकण लावा. उडून जाईल."

"राहू दे," अप्पा म्हणाले. "अजून एक प्लेट हाय."

त्यांनी पेटीच्या तळातून काच काढली आणि मेजावर ठेवली. उदगीरची अठरा वर्षांची मुलगी, लोण्यासारख्या गालांची. अप्पांनी बोळा बुडवला आणि थांबले.

"रुद्राणी, पुसू का?"

तिनं पदरानं मेजावरचा थेंब पुसला. मग म्हणाली, "वीस वर्षं लागली व्हय, हे इचारायला?" आणि प्लेट दोन्ही हातांनी कडांना धरली.

अप्पांचा धंदा त्यानंतर बुडाला नाही. पेन्सिलही सुटली नाही, कारण ज्याला गाल साफ हवेत त्याला ते हवेतच. फक्त टोक काढायच्या आधी ते विचारायला लागले, काय ठेवू न् काय काढू. पुष्कळ जण गोंधळायचे. काही जण विचार करून एखादा तीळ, एखादी खोक ठेवायला सांगायचे.

रुद्राणीची प्लेट पुसून कपाटात वणांसकट नवा फोटो लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा बाप असलेलं एक गिऱ्हाईक खाली कपाटापुढं थोडा वेळ थांबलं आणि जिना चढून वर आलं. रुद्राणी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं गेली. त्यानं तिच्याकडं बघितलं, तांब्या घेतला, पाणी प्याला, आणि फोटो बघायला पुन्हा खाली गेला नाही.